दुरुस्तीला आलेला शंख

४ फेब्रुवारी

चिमटे,

तुझा खोका पोहोचला. तो घेऊन येणारा तुमच्या जहाजावरचा स्वयंपाकीही पोहोचला, पण जरा मागाहून, कारण आपल्या जिन्याने त्याचा जीव काढला. माणूस गोड आहे. कपावर कप चहा प्यायला आणि तुझ्याबद्दल काहीही विचारलं तरी "बरी आहे हो" याच्यापलीकडे गेला नाही. तूच पढवून पाठवला असणार.

जहाज दोन दिवस आपल्याच बंदरात होतं, हे मात्र त्याच्या तोंडून निसटलं. म्हणजे तू डेकवर उभी असशील तेव्हा मी गच्चीत चादरी वाळत घालत असेन, आणि मध्ये फक्त एक उतार आणि चार गल्ल्या. मी रागावलेले नाही. रागावलेय, पण तो राग पाकिटात घालत नाही, उगाच वजन वाढायचं.

तुझी चिठ्ठी वाचली. चार ओळी, चष्मा लावेपर्यंत संपल्या. हा शंख जपून ठेव, जहाजावर फार हलतं, याच्यासारखा दुसरा अजून कुणाच्या हाती लागलेला नाही, परतताना नेईन. बाबांचं नाव कुठे नाही. मी कागद उलटूनही पाहिला.

जपून ठेवायला तुला अख्ख्या जगात आपलंच घर सापडलं, याची मला गंमत वाटते. इथे येणारी प्रत्येक वस्तू फुटूनच येते. आत्ता खाली दुकानात नाक गेलेला एक चिनी मातीचा घोडा आहे, कान तुटलेले कप आहेत, आणि एक बाहुली आहे जिचं डोकं एका डब्यात आणि धड दुसऱ्यात. पण खरं सांगू? बरं केलंस. फुटणाऱ्या वस्तूला कसं धरायचं हे या घराइतकं कुणाला कळणार? चिमटी हे नाव बाबांनी काही उगाच ठेवलं नव्हतं. एवढ्याएवढ्याशा बोटांनी कपाचे तुकडे उचलायचीस आणि एकाचाही टवका जाऊ द्यायची नाहीस.

शंख बाहेर काढला तेव्हा मी खाली बसले. दोन मुठी एकत्र केल्या तर होईल एवढा, मोठ्या भोवऱ्याच्या घाटाचा. रंग सायीचा आणि त्यावर शेंदरी ओघळ. तोंडातून आत पाहिलं तर मोत्याची चमक. फक्त एक झालंय. तोंडाच्या कडेपासून एक लांब सरळ फट पार मागे वेढ्यावर गेली आहे, करंगळीचं टोक आत जाईल एवढी रुंद. प्रवासात तडकला की काय म्हणून मी खोका झटकून पाहिला, कुठे टवका पडलाय का. पण कडा गुळगुळीत आहेत, म्हणजे जुनं दुखणं असणार. आमच्या माथी मारू नकोस.

तो तुझ्या जुन्या टेबलावर लोकरीच्या शालीत ठेवलाय. बाबा खाली बशीची कड भरत होते. खोका त्यांच्या समोरून वर गेला तरी त्यांनी मान वर केली नाही. एवढी कसोशीने मान खाली ठेवली, म्हणजे पाहिला.

आई

१५ फेब्रुवारी

लेकी,

इथे धुकं येऊन बसलंय. चिकट पाहुण्यासारखं उठायचं नावच घेत नाही. रस्त्यावरची माणसं एकदम उगवतात आणि एकदम मावळतात. बंदरावरचा भोंगा दिवसभर हंबरत असतो. समोरच्या शिंप्याने काल आपल्या दारात उभं राहून मला विचारलं, "वहिनी, माझं दुकान कुठल्या बाजूला?" मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं आणि सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत तक्रार आली नाही, तेव्हा सापडलं असेल.

अशा हवेत मला दुपारची फार झोप येते, आणि झोपेत मी खाली उतरत जाते. आपलाच जिना. दुकान यायला हवं तिथे दुकान येत नाही, पुढेही पायऱ्याच. भीती वाटत नाही. पायरीपायरीवर लोकांच्या कपबशा मांडून ठेवल्यात. वरून बारीक पांढरं काहीतरी भुरभुरतंय. तूच एकदा लिहिलं होतंस, खोल पाण्यात ते सारखं भुरभुरत असतं, वर जे मरतं, विरतं ते हळूहळू खाली येतं आणि खालचे जीव त्यावर जगतात. ते माझ्या केसांवर, पापण्यांवर बसतंय. अगदी तळाशी तू, कपाळाला दिवा बांधून, पाठमोरी. मी हाक मारते तर तोंडातून नुसते बुडबुडे. जाग आली तेव्हा उशी ओली होती. लाळ गळली असेल, लगेच रडले असं समजू नकोस.

आता मुद्द्याचं. परवा बाबा वर आले, चष्मा शोधायला. चष्मा त्यांच्याच कपाळावर होता. तुझ्या टेबलापुढे उभे राहिले.

"हे काय?"

"शंख."

"ते दिसतंय मला."

आणि गेले खाली. काल कात्रीसाठी आले. आज सकाळी दोऱ्यासाठी, आणि दोरा न घेताच गेले. जेवायला वर बोलावलं तर गुडघ्यांच्या कुरबुरी सुरू होतात, पण या शंखापायी त्यांचे गुडघे एकदम तरुण झालेत. तू निघालीस त्या दिवशी तुम्हा दोघांचं जे वाजलं, तेव्हापासून त्यांनी त्या टेबलाला पाठच दिली होती. ते म्हणाले होते, गेलीस तर या दुकानाची पायरी चढू नकोस. तू म्हणालीस, नाही चढत. चार वर्षं झाली. दोघंही शब्दाचे पक्के निघालात, हेच माझं दुर्दैव.

मला काय हवंय ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. परतताना येशील तेव्हा दारातून खोका घेऊन जाऊ नकोस. आत ये. बस. ते खाली असतील तर मी त्यांना हाक मारेन. बाकी मला काही नको.

आई

२८ फेब्रुवारी

चिमटे,

आज सगळं सांगते, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बाबांनी शंख खाली नेला. मला विचारून नेला. दोन्ही हातांत, शालीसकट, एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत. खिडकीतल्या टेबलावर ठेवला, भिंग लावलं, आणि मग जेवण नाही की चहा नाही. मी मध्ये डोकावले तर मला जवळ ओढलं. चार वर्षांत असं ओढलं नव्हतं गं कुणी.

"अगं, हे बघ. इथे याला कुणीतरी तोडलंय. खेकडा असेल. पार लचका काढलाय. आणि याने स्वतः सांधलंय. इथे. आणि हे इथे. इथे पण."

मला आधी काही दिसेना. मग भिंगातून दिसलं. शेंदरी ओघळ मध्येच वाकडे होतात, बारीक सुरकुती पडते, आणि पुढे पुन्हा सरळ. तुटलेल्या कडेवर नवी कड.

"याला म्हणतात सांधा," बाबा म्हणाले. "ना सरस, ना राळ. अंगातूनच काढलंय सगळं. माझ्या बापाला नाही जमलं असतं." त्यांचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता. मग त्यांनी शंख फिरवला आणि ती लांब फट पाहिली. कितीतरी वेळ पाहिली. "हे एक मात्र राहून गेलं बिचाऱ्याचं," ते म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "दुरुस्तीला पाठवलंय का तिने?"

तिने. हा शब्द मी या घरात किती दिवसांनी ऐकला! तुला काय वाटेल कोण जाणे, मी हातातला कप आधी खाली ठेवला. मी उत्तर दिलं. काय दिलं ते सावकाश सांगेन, आज नाही.

धुकं अजून आहे. दुकानाच्या काचेबाहेर काहीच नाही, नुसतं पांढरं, आणि आत बाबा दिव्याखाली वाकलेले. समुद्राच्या तळाशी तुमची ती काचेची पेटी उतरते ना, माणसं बसलेली, तशीच आम्ही दोघं. मला फार बरं वाटलं आज.

आई

१३ मार्च

बाळा,

विशेष काही नाही. मी मजेत, बाबा मजेत. बाबा गुणगुणतात. सूर अजून तसाच, म्हणजे नाहीच. शिंप्याने विचारलं, "साहेबांना लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "पाव्हणा आलाय."

स्वप्न आता बदललंय. दुपारी पडले की शंखातला जीव दिसतो. शंख तुझ्या टेबलावरून उतरलेला असतो आणि जमिनीवरून चाललेला असतो, इतका सावकाश की चालतोय हे त्याच्या मागच्या ओल्या रेघेवरून कळावं. तो काहीतरी खातोय. खर्र, खर्र, खर्र. थांबतो, पुन्हा खर्र. मी स्वप्नातच ठरवते की चिमटीला विचारायचं, हे खातात काय? जाग आली तरी तो आवाज थोडा वेळ ऐकू येत राहतो, खालून, दुकानातून. मग मी कूस बदलते.

तू शंखाबद्दल काही लिहिलंच नाहीस. कसला आहे, कुणाचा आहे, तिथे कसा राहतो? तुला सगळं पाठ असतं म्हणून वाटतं की आम्हालाही असेल. सविस्तर लिही. बाबांनाही वाचून दाखवेन. ते ऐकतील. म्हणजे न ऐकल्यासारखं करून ऐकतील.

आई

३० मार्च

चिमटे,

तुझं पत्र आलं. सहा पानं! माझ्या आजारपणातही तू एवढी लिहिली नव्हतीस.

वाचलं. ती फट, तू जिला खाच म्हणतेस, तिची लांबी मोजून कळव म्हणतेस. मोजपट्टी सापडत नाहीये. शिंप्याची मागून आणता येईल, पण त्याची टेप सैल झालीय, तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून तर बाह्या लांब होतात. सापडली की मोजते.

इथे धुकं निवळलंय. ऊन फार लख्ख आहे.

आई

१ एप्रिल

चिमटे,

मोजपट्टी समोरच्या खिळ्याला टांगलेली होती. मोजायला खाच नाहीये.

बाबांनी ती भरली. शिंपल्यांची पूड आणि राळ, त्यात रंग कालवून, थरावर थर. शेंदरी ओघळसुद्धा एका काठावरून दुसऱ्या काठावर बेमालूम उतरवलेत. बोट फिरवलं तर कळत नाही कुठे शंख संपतो आणि कुठे बाबा सुरू होतात. इतकं सुरेख काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल. ती खर्र खर्र स्वप्नातली नव्हती, त्यांच्या कानशीची होती. मला अर्धं कळत होतं आणि मी कूस बदलत होते.

त्यांनी विचारलं होतं, दुरुस्तीला पाठवलंय का तिने? मी "हो" म्हणाले. खोटं बोलायचं म्हणून नाही गं. त्यांनी ते इतक्या आशेने विचारलं की नाही म्हणायला माझी जीभ उचलेना. आणि ती फट म्हणजे तडाच, असं मलाही वाटत होतं. तेव्हा रागवायचं असेल तर आधी माझ्यावर रागव.

तुझं पत्र मी काल त्यांना वाचून दाखवलं. लपवायचा विचार केला होता, पण या घरात आधीच पुष्कळ काही न बोललेलं साठलंय. ते ऐकत बसले. या खाचवाल्यांच्या घराण्याला लोक आधी फक्त दगडांतून ओळखत होते, सगळे केव्हाच संपले असं धरून चालले होते, आणि मग एक दिवस कुणाला तरी जिवंतच सापडला, हे ऐकून बाबा म्हणाले, "वा." ते खोल अंधारात राहतात आणि स्पंज कुरतडून जगतात, हे ऐकूनही म्हणाले, "वा." त्या भरलेल्या जखमा खेकड्यांच्याच, हे तू लिहिलंस तेव्हा तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बघ! म्हटलं नव्हतं?"

मग ते पान आलं. ती खाच म्हणजे तडा नाही. प्रत्येकाला जन्मापासून असते. श्वासाचं वापरलेलं पाणी तो तिच्यातून बाहेर सोडतो. शंख वाढतो तशी ती पुढे सरकते, मागे तो स्वतःच भरत येतो, पण पुढची कायम उघडी ठेवतो. आणि याची खाच घराण्यातल्या इतर कुणाहीपेक्षा निराळी आहे, तिच्या कडांवरूनच ठरणार आहे की हा अगदी नव्या जातीचा आहे. तुझी एवढ्या वर्षांची मेहनत त्या दोन कडांवर आहे.

बाबांनी विचारलं, "आणि ती बंद झाली तर?"

मी पुढचं वाचलं. जगायचा नाही.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. तो जीव तर केव्हाच गेलेला, हे त्यांनाही कळतं. तरी म्हणाले, "श्वास कोंडला गं मी त्याचा." आणि चष्म्याची काच पुसत म्हणाले, "मी विचारतच नाही. दिसलं की जोडायलाच जातो." हे ते शंखाबद्दल बोलत नव्हते. मला कळलं, आणि माझ्याच्याने तिथे बसवेना. मी उठून उगाच भांडी घासली.

आज सकाळी त्यांनी पातळ पातं घेतलं, स्पिरिटचा बोळा घेतला, आणि भरलेलं काढायला बसले. पातं कडेपर्यंत नेलं. मग ठेवून दिलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. शेवटी शंख शालीत गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वर ठेव."

तू काय करशील याची मला भीती वाटते. पण तू परत येण्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं.

आई

६ मे

चिमटे,

तुमचा स्वयंपाकी आपल्या स्वयंपाकघरात बसलाय आणि मी त्याच्यासमोरच हे लिहितेय. त्याने तुझी चिठ्ठी दिली. "शंख जसा आहे तसा याच्याजवळ दे. मी वर येणार नाही."

एवढंच. महिनाभर मी वाट पाहिली ती एवढ्यासाठी.

तर ऐक. शंख मी देत नाही. काय करायचंय ते कर. पोलिसांत जा. सांग की माझ्या आईने माझी गोगलगाय दाबून ठेवलीय.

चहा ओतता ओतता मी या स्वयंपाक्यापुढे तुझा पुरता पाणउतारा केलाय, आणि तो बिचारा बिस्किटं मोडत बसलाय. पण माझं भांडण मागाहून. आधी बाबांचं. ते आत्ताच वर आले. चिठ्ठी त्यांनी माझ्या हातून घेतली, वाचली, आणि समोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "तिला लिही." मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, एकही बदलत नाही.

"तिला लिही की मी भरायच्या आधी दोन्ही कडांना मेण दिलंय. दुसऱ्याच्या वस्तूत कायमचं काही करायचं नाही, हे मी तिला शिकवलं तसं माझ्याही लक्षात आहे. माझं भरलेलं कडांना धरलेलं नाही, नुसतं बसलेलं आहे. ते निघेल. कडा जशाच्या तशा मिळतील."

मी म्हटलं, "मग तुम्हीच का काढत नाही?"

"भरताना हात हलला तर पुसून घेता येतं," ते म्हणाले. "काढताना हलला तर ती कड गेली. कागदाइतकी पातळ आहे." मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि तो कसा थरथरतो ते मला दाखवलं. मला ते हिवाळ्यापासून माहीत आहे गं. बशा दोनदा पुसायच्या निमित्ताने मी त्यांच्या हातून काढून घेते, तेही त्यांना माहीत आहे. पण त्यांनी तो असा उघडा करून कधी ठेवला नव्हता. स्वयंपाक्याने खिडकीबाहेर पाहिलं. भला माणूस.

"लिही की माझा हात राहिला नाही," बाबा म्हणाले. "जहाजावर हे काम करू नकोस म्हणावं, टेबल हलता कामा नये. इथे ये. कुठला थर कसा दिलाय ते मी सांगेन. हात तुझा. दिवा मी धरतो."

आणि मग, "पायरीचं मी बोललो होतो ते बोललो होतो. लिही की चुकलो."

लिहिलं. हे अक्षर वाकडं आलंय ते माझं, त्यांचा दोष नाही.

हे सगळं ऐकून स्वयंपाक्याला राहवलं नाही. तोंडातलं बिस्किट कसंबसं गिळून म्हणाला, "मावशी, ती जहाजावर नाहीये हो. माझ्याबरोबरच आली. उतार चढून, तुमच्या चौकापर्यंत. म्हणाली, तू जा, मी इथे बाकावर बसते. शपथ घातलीय मला."

मी खिडकीशी धावले. मधलं ते मोठं झाड आडवं येतं. बाकाचं एक टोक तेवढं दिसतं, आणि त्यावर एक पिशवी. निळी. तुझी आहे का गं? मी चपला शोधायला वळले तर बाबा केव्हाच उठलेले. कोट चढवलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, खालचं बटण वरच्या काजात. जाताहेत असं वाटलं आणि दाराशी जाऊन थांबले.

"अहो, जा ना," मी म्हटलं.

"जातो. तू ते पत्र पुरं कर लवकर."

"आता पत्र कशाला? ती समोर बसलीय!"

"रिकाम्या हाताने मला तिच्यापुढे उभं राहता यायचं नाही," ते म्हणाले. "काहीतरी द्यायला हवं. लिही, लिही."

म्हणून मी लिहितेय, आणि ते दारात हात पुढे करून उभे आहेत. स्वयंपाक्याला मी बसवून ठेवलंय. तू उठून जाऊ नकोस. ते जिना सावकाश उतरतात, आणि उतारावर त्यांना वेळ लागतो.

आई